स्टेपनी बॉनेटखाली

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण ज्याने कुणी काढली त्याने त्या वॉशिंग सेंटरवरची रविवारची बैठक पाहिली असती तर त्याला धन्य वाटलं असतं. पत्र्याच्या छपराखाली गाड्या धुतल्या जात आणि बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून त्यांचे मालक अजून बाजारात न आलेल्या गाड्यांवरून हमरीतुमरीवर येत. स्वतःची गाडी धुऊन, पुसून, वाळून तयार झाली तरी कुणी उठत नसे.

बैठकीचे कायमचे सभासद तिघं. एक दंतवैद्य. डिझेल इंजिनाबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की ते पेशंटच्या अंगावर धावून जाण्याइतके तापत. दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई. त्यांनी अर्ध्या गावाला क्लच सोडायला शिकवलं होतं आणि नवशिक्याच्या हातून कोणती गाडी किती मार खाईल, एवढीच त्यांची कसोटी होती. आणि तिसरे सर्व्हेअर. अपघातात चेपलेल्या गाड्या विम्यासाठी तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. फुटलेली गाडी आतून कशी दिसते हे त्यांना इतकं पाठ होतं, की न फुटलेलीही त्यांना आतून दिसते असा मंडळींचा समज होता.

समज अगदीच खोटा नव्हता. कोणती कंपनी जुनाच सांगाडा नव्या पत्र्यात घालून विकणार, कोणती डिझेलला रामराम ठोकणार, हे सर्व्हेअर वर्षभर आधी सांगत आणि तसंच होई. मंडळी त्यांना 'ज्योतिषी' म्हणत. ते वरवर नाराजी दाखवत आणि मनातून सुखावत. निवृत्त माणसाला चारचौघांत मिरवायला काहीतरी लागतं, आणि हे तसं निरुपद्रवी होतं.

घरी मात्र ज्योतिषाला गिऱ्हाईक नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक गाड्यांच्या कंपनीत, तीही नव्या गाड्या बनवणाऱ्या विभागात इंजिनिअर होती. लहानपणी ही पोर बापाबरोबर गॅरेजांत हिंडायची, चेपलेल्या दारात हात घालून आतली लोखंडी पट्टी चाचपायची, आणि घरी येऊन दोघं जेवताना त्यावरच बोलायची. बाहुल्या तिने कधी मागितल्या नाहीत. बापलेकींना एकमेकांवर माया करायची दुसरी भाषाच येत नव्हती म्हटलं तरी चालेल. आणि कंपनीने नेमकी तीच भाषा बंद केली. नव्या गाडीबद्दल घरातसुद्धा अवाक्षर काढणार नाही, असं तिने लिहून दिलं होतं.

सर्व्हेअर आडून आडून विचारून बघत. "सध्या फार उशीर होतो तुला," म्हणत. "हल्ली सगळे बॅटरी खालीच ठेवतात, नाही?" म्हणत. लेक मख्ख चेहऱ्याने पाणी प्यायची. चाचणीला निघालेल्या नव्या गाड्यांवर ओळखू येऊ नये म्हणून काळ्या-पांढऱ्या नक्षीचे स्टिकर चिकटवतात. तिची आई म्हणायची, "अहो, त्यांनी गाडीला नाही, आपल्या पोरीलाच स्टिकर लावलेत." सर्व्हेअर हसायचे. पण जेवण उरकून लवकर खोलीत निघून जाणाऱ्या लेकीकडे बघताना त्यांना चुकल्यासारखं व्हायचं, हेही खरं.

अशात एका रविवारी दंतवैद्य फोनवर एक फोटो घेऊन आले. हमरस्त्यावर कुणीतरी टिपलेली, स्टिकरांनी मढवलेली छोटी विजेवरची गाडी. लेकीच्याच कंपनीची. बाई म्हणाल्या, ही पण बिनस्टेपनीची असणार. हल्ली विजेच्या गाड्यांतून जादा चाक काढून टाकतात आणि पंक्चर झालं तर भरायला डिंकाची बाटली आणि बोटभर पंप देतात, यावर त्यांचा फार राग होता. दंतवैद्यांनी कंपनीची बाजू घेतली. चाक काढलं की वजन घटतं, वजन घटलं की एका चार्जमध्ये गाडी जास्त पळते, आणि जाहिरातीत तोच आकडा मोठ्या अक्षरांत छापायचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

सर्व्हेअर मात्र फोटो मोठा करून बघत बसले होते. पुढचं बॉनेट हवं त्यापेक्षा फुगीर होतं. आत इंजिन नसताना एवढी उंची कशाला? मग ते बोलले ते ठासून. स्टेपनी आहे आणि ती मागे नाही, पुढे आहे, बॉनेटखाली. मागची जागा सामानाला मोकळी राहते, पंक्चर झालं तर भर रस्त्यात सामान उतरवावं लागत नाही, आणि बाकी सगळे चाक काढत असताना ही कंपनी 'आम्ही देतो' म्हणून मिरवणार. त्यांनी इतकं नीट जुळवून सांगितलं की दंतवैद्य डिझेल विसरले.

विसरले नाहीत ते लिहायला. गाडीवेड्यांच्या एका वेबसाइटवर ते टोपणनावाने लिहीत. त्यांनी अंदाज लिहिला तो लिहिला, वर मीठमसाला म्हणून एक वाक्य जोडलं, की सांगणाऱ्याच्या घरातच कंपनीचं माणूस आहे. वाक्य डोळे मिचकावण्यापुरतं होतं. चार दिवसांत तो सगळा मजकूर एका मासिकाने उचलला आणि कल्पनेने रेखाटलेलं चित्रसुद्धा छापलं. बॉनेट उघडं आणि आत आडवं झोपवलेलं चाक.

त्या संध्याकाळी लेक घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. ऑफिसात तिला बंद खोलीत बोलावून तासभर प्रश्न विचारले होते.

"बाबा, तुम्ही कुणाजवळ काही बोललात?"

"मी अंदाज बांधला. फोटो बघून. तुझं नावसुद्धा घेतलं नाही."

"डॉक्टरकाकांनी घेतल्यासारखंच केलंय."

इथे शहाण्या माणसाने क्षमा मागितली असती. सर्व्हेअरही मागणार होते. पण त्यांच्या आतला ज्योतिषी त्यांच्याही आधी बोलून गेला.

"म्हणजे... बरोबर आहे का ते?"

लेक उठून आत गेली. तिच्या आईने हातातलं भांडं ठेवलं. "अहो, जिभेला हाड नसतं हे ऐकून होते," ती म्हणाली, "तुमच्या जिभेला ब्रेकही नाही."

पुढच्या आठवड्यात लेकीला त्या गाडीच्या कामावरून हलवलं आणि दारांच्या रबरपट्ट्यांच्या विभागात बसवलं. गाडी बाजारात आल्यावर बघू, असं तिला सांगण्यात आलं. म्हणजे नोकरी राहणार की जाणार, हेही तेव्हाच कळणार. सर्व्हेअरांना तिच्या साहेबांकडे जाऊन सगळं सांगायचं होतं. लेक म्हणाली, "नका येऊ. तुम्ही बोललात की त्यांना वाटेल, मी शिकवून पाठवलंय." हात दाखवून अवलक्षण करून झालं होतं. आता हात बांधून बसण्याची शिक्षा होती.

दंतवैद्य घरी आले. लिहिलेलं त्यांनी काढून टाकलं होतं आणि चेहरा पेशंटसारखा करून ते दारातच उभे राहिले होते. "दात काढला," ते म्हणाले, "पण भोक राहतंच."  त्यांना बोल लावण्याचा हक्क आपल्याला आहे असं सर्व्हेअरांना वाटेना. रविवारी वॉशिंग सेंटरवर जायचं त्यांनी बंद केलं. गाडीवर धूळ साठली ती साठू दिली.

त्यांना एकच आशा होती. आपला अंदाज चुकला, तर ती फुकाची बडबड ठरेल आणि पोर सुटेल. सगळा जन्म बरोबर येण्यात घालवलेला हा माणूस आता चूक व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसला. आंघोळ करताना, भाजी आणायला जाताना ते स्वतःशीच वाद घालत. बॉनेटची उंची चाकासाठी कशाला हवी? रस्त्यावरचा माणूस धडकला तर त्याचं डोकं आतल्या लोखंडावर आपटू नये म्हणून पत्र्याखाली मोकळी जागा ठेवावी लागते, तीच असेल. असेलच. मग त्यांनाच स्वतःचा मूळ मुद्दा अधिक पटायचा आणि भाजीवाला सुटे पैसे धरून ताटकळायचा.

लेक रोज जायची, यायची, जेवायची. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे. ती नीट बोलायची, पाहुण्यांशी बोलावं तशी.

गाडी शोरूममध्ये आली त्या दिवशी बाई त्यांना घ्यायला आल्या. शिकाऊ गाडीच्या स्टिअरिंगवर सर्व्हेअरांना बसवून, स्वतः शेजारी जादा ब्रेकवर पाय ठेवून, बाईंनी त्यांना चक्क पकडून नेलं. दंतवैद्य तिथे आधीच उभे होते. गाडी निळी होती, देखणी होती, आणि सर्व्हेअरांनी ती धड पाहिलीही नाही. विक्रेता सीटच्या कापडाबद्दल सांगत असताना त्यांनी आतला खटका ओढून बॉनेटच्या फटीत बोटं घातली. इतकी दारं, इतकी बॉनेटं त्यांनी आजवर उघडली होती, पण आत काही सापडू नये असं कधी वाटलं नव्हतं.

आत चाक नव्हतं. काळं प्लास्टिकचं झाकण, एसीच्या दोन नळ्या, काच धुण्याच्या पाण्याची टाकी आणि वर चांगली वीतभर मोकळी हवा. त्यांनी मागे जाऊन डिकीचा तळ उचलला. डिंकाची बाटली आणि बोटभर पंप.

"चुकलो," सर्व्हेअर म्हणाले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि विक्रेत्याने घाबरून खुर्ची पुढे केली. "साफ चुकलो, डॉक्टर. लिहा तुमच्या त्या वेबसाइटवर. ठळक लिहा, म्हाताऱ्याला काही कळत नाही." दंतवैद्यांनी तिथल्या तिथे लिहिलं. आयुष्यात इतक्या आनंदाने कुणी स्वतःची फजिती जाहीर केली नसेल.

संध्याकाळी लेक घरात पाऊल टाकते न टाकते तोच त्यांनी तिला गाठलं. "बाळा, मी चुकलो. चाक नाहीच तिथं. आता तुला कोण काय म्हणणार?"

लेक बसली. गाडी बाजारात आली होती, तोंडावरचं कुलूप आता निघालं होतं. 

"बाबा, चाक तिथं ठेवावं असं मीच मांडलं होतं. वर्षभर भांडले त्यासाठी. त्यांनी नाकारलं. आणि मग मासिकात छापून आलं ते हुबेहूब माझं ड्रॉइंग. त्यांना वाटलं, मी हरले म्हणून बाहेर फोडलं."

सर्व्हेअरांचा आनंद जागच्या जागी विरला. चुकलो म्हणून पोर सुटली असं ते समजत होते, आणि इथे चुकण्यानेच तिला अडकवलं होतं. कंपनीच्या मनात काय आहे ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांना कळलं होतं ते फक्त लेकीच्या मनातलं.

"माझं चुकलं गं," ते म्हणाले, आणि या वेळी त्यात ज्योतिषी नव्हता. "मी बोलायलाच नको होतं."

"साहेबांनी आज बोलावलं होतं. त्यांना मी सांगितलं, गाडीकडं कसं बघायचं हे मला ज्यांनी शिकवलं त्यांनी तो फोटो बघितला, तर त्यांना दुसरं काय दिसणार?  साहेब म्हणाले, सोमवारपासून परत नव्या गाड्यांच्या विभागात ये." तिने चपला काढून बाजूला सारल्या. "मी चिडले होते, पण त्या लेखावरून नाही. ते चाक नाकारलं का, माहितीये? धडक बसली तर चाक मागं सरकून पाय चिरडेल म्हणाले. मी तीन प्रकारे घट्ट बांधून दाखवलं, तिन्ही नापास झाले. रोज रात्री तुम्ही समोर जेवत होतात आणि मला विचारता येत नव्हतं. विचारता आलं असतं तर मी हरले नसते."

 घरातली ती शांतता आपण एकट्यानेच सोसली असं सर्व्हेअर धरून चालले होते. त्यांनी डोळे पुसले, वर्तमानपत्र ओढलं आणि कडेच्या कोऱ्या जागेत पेन टेकवलं.

"घट्ट बांधलंस तिथंच चुकलं. धडकेत जे धरून ठेवतो तेच अंगावर येतं. चाक तिरकं ठेव, मागची कड खाली. आणि बोल्ट असा दे की सगळ्यात आधी तोच तुटेल. चाक सुटलं की खाली रस्त्यावर पडतं, पायांपर्यंत येतच नाही. मी पडलेली पाहिलीत."

लेकीने कागद स्वतःकडे फिरवला. मग पेन हिसकावलं. आईने दोनदा जेवायला हाक मारली आणि तिसऱ्यांदा ताटं आतच ठेवली. दोघं बोलत होती, एकमेकांचं वाक्य तोडत होती, आणि इतक्या दिवसांनी घरात तो कलकलाट ऐकून ती माउली ओट्याशी उभी राहून एकटीच हसत होती. शेवटी लेकीने वर्तमानपत्राचा तेवढा तुकडा फाडून पर्समध्ये टाकला आणि तिचा चेहरा पुन्हा मख्ख झाला.

"बाबा, या विषयावर आपण बोललोच नाही."

"कुठल्या विषयावर?" सर्व्हेअर म्हणाले.

त्या रविवारी ते धुळीने माखलेली गाडी घेऊन वॉशिंग सेंटरवर गेले. मंडळींनी त्यांना सांभाळून घेत घेत जागा करून दिली, आजाऱ्याला देतात तशी. एकदा तोंडघशी पडल्यावर माणसाला सावरू द्यावं म्हणून दंतवैद्य मुद्दाम डिझेलवर बोलत राहिले. पण बाईंना राहवेना. ते राहू दे, त्या म्हणाल्या, याच कंपनीची यापेक्षा मोठी गाडी येतेय म्हणतात. तिला तरी स्टेपनी देतील का?

सर्व्हेअरांनी चहाचा घोट घेतला. सगळे वाट बघत होते.

"छे. स्टेपनीचा विषय संपला त्यांचा. ते पुन्हा कधी चाक देणार नाहीत, आणि पुढं तर नाहीच नाही."

"नक्की?" दंतवैद्यांनी विचारलं. "परत चुकलात तर लोक तुमचं ऐकायचं सोडतील."

"नक्की," सर्व्हेअर म्हणाले. "माझं नाव घालून लिहा."