मागल्या एक्सलातला देवचार

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत लेखात मी एका देवचाराचे वसतिस्थान, त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या बंदोबस्ताचा उपाय यथामती कथन करणार आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावे.

कसालजवळच्या एका वाडीत घाटीवर त्या दुपारी सारा गाव लोटला होता. हरिश्चंद्र यांची जुनी फोर-व्हील पिकअप काजूची पोती घेऊन काँक्रीटच्या चढावर खिळली होती. इंजिन गुरगुरत होते, चाके थरथरत होती, परंतु गाडी तसूभरही सरकत नव्हती. बाजूस सीमेच्या राखणदार देवचाराचा दगड. तेथे थांबून विडी ठेवल्याशिवाय आमच्याकडे कोणी गाडी वर नेत नाही. हरिश्चंद्र थांबत, विडी ठेवत आणि चढासाठी गिअरशेजारचा, चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा धाकटा दांडा ओढत. गाडी पुढे आठ-दहा फूट जाऊन अडके. वर्षभर हेच चालले होते.

मठवाल्या गंगारामबुवांनी, दर वेळेप्रमाणे, नारळ उचलून देवचारापुढे गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवचारा, म्हाराजा! ह्या घरात जी अवदसा सून होवन इली, तिच्या पायागुणान तू कोपलंस, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव गरजला.

"तिका आज मठात आणून सोडतत, तू गाडी सोड, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

नारळ फुटला. "आता सात पावला उलटी घे! धाकटो दांडो नमस्कार करून सोड!" बुवा ओरडले. गाडी मागे येताच खाडकन आवाज झाला आणि ती मोकळी झाली. माणसांनी हात जोडले.

ती 'अवदसा' म्हणजे हरिश्चंद्रांची सून शर्मिष्ठा. गेल्या वैशाखात ती लग्न होऊन आली, तेव्हापासूनच गाडी अडकू लागली, एवढाच तिचा गुन्हा. नवरा प्रीतम बोटीवर, दूर समुद्रात. बुवांच्या आज्ञेने एकोणीस दिवस ती घाटीसमोरच्या घरात, बाहेरून कडी लावलेल्या खोलीत होती. आता तिला मठात नेणार होते. किती दिवसांसाठी, हे कोणीही विचारले नव्हते.

"चल गो, तुजा बोचकां बांध," सासू सीताबाई म्हणाल्या.

शर्मिष्ठेने खिडकीचे गज धरून मला हाक मारली. "परशुकाका, हो धाकटो दांडो ओढल्याबगर गाडी एकदा तरी अडाकली काय? मी एकोणीस दिवस हयसून बघतंय."

वाचकहो, मी गाडीच्या मागल्या चाकांकडे पाहिले. कारण गेल्या चैत्राच्या अखेरीस, तिच्या लग्नाच्या तोंडावर, या गाडीचा तुटलेला मागला एक्सल मीच बदलला होता. तळेऱ्याच्या भंगारातून तसाच दिसणारा आणला. भोके जुळली, ब्रेकचे ड्रम जुळले, बसवला. दातांचा आकडा कोरलेली वरची पट्टी गंजून गेली होती. आतल्या दातांचे प्रमाण मोजण्यास पाव तास लागतो, तो मी दिला नाही. बोललो तर माझ्या गॅरेजची अब्रू जाणार, गप्प राहिलो तर ती मुलगी जाणार.

"थांबा," मी म्हणालो. "गाडी परत अडकवया. मगे नारळ न फोडता उलटी घेवया."

"अरे मिस्त्री, देवचार काय तुज्या पान्याक भियाता?" बुवा हसले.

हरिश्चंद्रांनी दांडा ओढला. गाडी अडकली. नारळाविना उलटी घेतली. खाडकन सुटली!

"देवचाराक नारळ नको झालो रे!" कोणीतरी ओरडले आणि हशा पिकला.

मग अंगणात जॅक लावून मागची चाके उचलली. चाकांवर आणि इंजिनाकडून एक्सलाकडे येणाऱ्या मधल्या फिरत्या दांडीवर खडूची खूण केली. दोन्ही चाके बरोबरीने दहा-दहा फेरे फिरवली. दांडीचे फेरे शर्मिष्ठा खिडकीतून मोठ्याने मोजत होती. एकोणपन्नास! मग पुढची चाके उचलून तसेच मोजले; तिथे भरले एक्केचाळीस.

मी सर्वांसमक्ष सांगितले, "धाकटो दांडो ओढलो की पुढची नि मागची दांडी एकत्र बांधली जातत. पुढची चाका धा फेरे घेयपर्यंत मागची साडेआठ पण घेणत नाय. चिखलात चाका घसारतत, म्हणान निभावता. काँक्रीटवर घसराक जागाच नाय, गाडी सोताकच आवळून धरता. उलटी घेतली की पीळ सुटता. ह्यो देवचार मीच बसवलंय. चूक माजी. दात मोजूक पाव तास लागता, तो मी देवक नाय."

"आकडे शाळेत चालतत," बुवा पुटपुटले.

म्हाताऱ्या सुदेशभाईंनी विचारले, "बुवा, तुमी आदी चिऱ्याच्या खाणीर अशीच गाडी हाकी होतास मां? उलटी घेवची युगत थयच शिकलास?"

बुवा चपला शोधू लागले.

सीताबाईंनी कडी काढली. शर्मिष्ठा बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिले. "काका, पाव तास तुमचो वाचलो. माजे एकोणीस दिवस गेले."

मग ती सासऱ्यांना म्हणाली, "माका नांदगावाक म्हायेराक, आवशीकडे सोडा. परत कधी येवचा ता मी ठरवतलंय." धाकट्या दांड्यास हात न लावता हरिश्चंद्रांनी तिला घेऊन गाडी घाटीवर चढवली.

वाचकहो, यंत्र अडले तर यंत्र उघडा, माणसास कोंडू नका. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी मोजून पाहा. आणि चूक आपली असेल तर ती बोला. आपल्या मौनाच्या आडोशानेच बुवांचे मठ उभे राहतात. त्या दिवसापासून मोजल्याखेरीज मी एकही एक्सल बसवलेला नाही.

आपण हे वाचण्याचे कष्ट घेतलेत, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
परशुराम मिस्त्री, इयत्ता सातवी उत्तीर्ण, कसाल