अकरा नंबरच्या चपला

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस. एकदा थांबले तर मला पुन्हा सुरू करता यायचं नाही.

तर एदेलमिरा त्या इमिग्रेशनच्या ऑफिसात बसलीय. समोर टेबल, टेबलापलीकडे ऑफिसर बाई, मधोमध एक फोन आणि फोनच्या आत दुभाष्या. बाई इंग्रजीत विचारणार, फोनमधला माणूस ते स्पॅनिशमध्ये सांगणार, आणि एदेलमिरा फोनकडे बघून उत्तर देणार. जसं काही त्या फोनलाच पटवायचंय की माझं लग्न खरं होतं. शपथ घेऊन झालीय. हात मांडीवर, आणि मांडीवरच कापडी थैली, तोंड घट्ट आवळलेली.

"नवरा पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपायचा?"

"खिडकीच्या. मला वारा सोसत नाही म्हणून."

"सकाळी काय खायचा?"

"कालचा भात. तव्यावर खरपूस करून. आणि कॉफी."

"घोरायचा का?"

"मॅडम, तो शाळेची बस चालवायचा. झोपेतसुद्धा ब्रेक मारायचा."

हे सांगताना फोनमधला माणूस जरासा हसला. बाई हसली नाही. तिनं एदेलमिराच्या मोबाइलमधले फोटो कागदावर छापून आणलेले पुढे सरकवले. पाच-सहाच. एफ्राइन शेगडीपाशी, पाठमोरा. एफ्राइन बसचा टायर बघताना, पाठमोरा. त्याला एका डोळ्यात मोतीबिंदू, फोटो काढायला गेलं की तो तोंड फिरवायचा.

"ही पाठ कुणाचीही असू शकते," बाई म्हणाली.

एदेलमिराला ती पाठ लाखात ओळखता आली असती. पण ते फोनला कसं सांगणार.

मग बाईनं फाइलीतून आणखी एक कागद काढला. "हे पत्र तुमच्या नवऱ्याच्या मुलीनं पाठवलंय. बाप गेल्यावर पाचव्या दिवशी या बाईनं त्याचे कपडे, बूट, कागदपत्रं, सगळं अंगणात जाळलं, असं ती लिहिते. तिथं बायका दारू पीत होत्या, हसत होत्या. हे खरंय?"

"खरंय," एदेलमिरा म्हणाली.

आता तू म्हणशील, झालं, संपलं. थांब जरा. मी मागून सांगते.

एदेलमिरा पेरूची, आयाकुचोच्याही वरच्या डोंगरातली. इथं अमेरिकेत, पॅटरसनला, हॉस्पिटलच्या चादरींच्या लाँड्रीत इस्त्रीच्या मशीनवर. मला हे सगळं तिथंच कळलं, चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या, आणि घडी घालता घालता ती बोलणार. एफ्राइन पोर्तो रिकोचा, म्हणजे जन्मापासूनच अमेरिकेचा नागरिक. पन्नाशी उलटलेला, पहिली बायको वारलेली, मुलगी यारित्सा लग्न होऊन दुसऱ्या राज्यात. तो लाँड्रीसमोर बस उभी करायचा. एकदा आत आला आणि जाडा दोरा मागितला, कुणा पोरानं बसची सीट फाडली होती. एदेलमिरा बघायला गेली, तर हा असे टाके घालतोय की बघवेना.

"सीट शिवताय की पोतं?"

"मग तुम्हीच दाखवा, मालकीणबाई."

त्या दिवसापासून ती मालकीणबाई. ती त्याला म्हातारबा म्हणायची. वर्षभरानं नगरपालिकेत सही केली, कोपऱ्यावर भाजलेली कोंबडी खाल्ली, झालं लग्न.

आता ते ग्रीन कार्डाचं, म्हणजे इथं राहायच्या परवान्याचं, असं असतं. लग्न नवंनवं असलं की बाहेरून आलेल्या बायकोला दोनच वर्षांचं कार्ड मिळतं. मुदत संपत आली की नवरा-बायकोनं मिळून अर्ज करायचा आणि सिद्ध करायचं की हा संसार खरा आहे, कागदासाठी केलेला नाही. भाडेकरार, विजेची बिलं, फोटो, आलेली पत्रं. एफ्राइनला त्याचा भारी उत्साह. आपल्या बुटांच्या रिकाम्या खोक्यात तो एकेक कागद टाकायचा. अकरा नंबरचं खोकं, चांगलं मोठं. म्हणायचा, "मालकीणबाई, तुमचं लग्न या खोक्यात आहे. हरवू नका."

आणि अर्ज पाठवायला महिना उरलेला असताना, नोव्हेंबरात, सगळी पोरं घरोघर सोडून त्यानं बस आवारात लावली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. एदेलमिरा म्हणते, बसमध्ये एकही पोर नव्हतं, तेवढं त्यानं सांभाळलं.

तिच्या गावाकडे माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याचे कपडे धुतात. गावात नदीवर, इथं कुठली नदी, तर दोमिंगाच्या अंगणात टब मांडून. दोमिंगा तिच्या गावची, तिची मैत्रीण, तोंडानं फाटकी, मनानं सोनं. चांगलं असेल ते धुवायचं, जुनं असेल ते जाळायचं. कारण वस्तू राहिली की माणूस तिच्यासाठी मागं वळतो, त्याला पुढे जाता येत नाही. आणि विधवेनं कशाला हात लावायचा नाही, जाळाकडे बघायचंसुद्धा नाही. पाठ करून बसायचं. बाकीच्यांनी खायचं, प्यायचं, गेलेल्या माणसाच्या गमती सांगायच्या. रडत पाठवलं तर त्याचा पाय निघत नाही म्हणतात.

तर एदेलमिरा भिंतीकडे तोंड करून बसलेली. मागं लोखंडी पिंपात जाळ. दोमिंगानं एफ्राइनची टोपी घातली आणि दोन घोट उसाच्या दारूवर बस चालवायची नक्कल सुरू केली, "ए मागच्या, खाली बस, नाहीतर तुझ्या आईकडे नेऊन सोडतो," आणि सगळ्या बायका हसून लोटपोट. एदेलमिरासुद्धा भिंतीकडे बघत हसतेय, गालावरून पाणी वाहतंय आणि हसतेय.

आणि नेमकी तेव्हाच यारित्सा फाटकातून आत आली. बापाचं जाकीट मागायला. जाकीट पिंपात, टोपी दोमिंगाच्या डोक्यावर.

"पाच दिवस," ती एवढंच म्हणाली. "पाच दिवससुद्धा पुरते निघाले नाहीत तुम्हाला. कार्ड मिळालं ना, झालं."

एदेलमिराला वळता येईना. वळली तर जाळ दिसणार. ती भिंतीलाच म्हणाली, "पोरी, इकडे समोर ये, मी सांगते तुला." पण मुलगी कशाला समोर येतेय. फाटक वाजलं.

आणि ते खोकं. पलंगाखालून दोमिंगानंच आणलं होतं, वर त्याचं नाव, आत त्याची सही असलेले कागद. माणसाचे कागद माणसाबरोबर. पाठमोऱ्या एदेलमिराला काय दिसणार. महिन्याभरानं तिनं पलंगाखाली हात घातला तेव्हा नुसती फरशी लागली. दोमिंगा डोकं बडवून घेत होती. "बये, मी तुझं लग्न जाळलं."

आता खरी गोष्ट ऐक, जी दोमिंगालाही माहीत नव्हती. पाचव्या दिवसाच्या आदल्या सकाळी एदेलमिरानं एक वस्तू लपवली होती. त्याच्या घरातल्या चपला. रबरी, अकरा नंबरच्या, डाव्या चपलेचा तुटलेला अंगठा तारेनं बांधलेला. तो बर्फात बसवर जाताना बूट घालायचा, पण घरात बारा महिने त्या चपला. पहाटे तिला उठवायचं नाही म्हणून हळू चालायला जायचा आणि त्यानं आवाज जास्तच व्हायचा. फट, फट, फट, स्वयंपाकघरापर्यंत. "तो आवाज कसा जाळू," ती मला म्हणाली.

दोमिंगानं दोनदा विचारलं होतं, "काही ठेवलं नाहीस ना गं मागं?"

"काही नाही."

आणि मग तो स्वप्नात यायला लागला. बोलायचा नाही. बसच्या आवारात, बर्फात उभा, अनवाणी. नुसता पायांकडे बघायचा. एदेलमिरा दचकून उठायची आणि रात्रभर तिचेच पाय गार. तिला कळत होतं तो कशासाठी येतोय. पण चपला पिंपात टाकायला हात होईना. टाकल्या की तो यायचाच बंद होणार, हेही कळत होतं.

नवरा वारला तर बायकोला एकटीला अर्ज करता येतो, पण लग्न खरं होतं हे तिलाच दाखवावं लागतं. फुकट मदत करणाऱ्या ऑफिसातली वकील पोरगी चांगली होती. लाँड्रीतल्या बायकांच्या सह्यांची पत्रं घेतली, शाळेच्या बसवाल्यांकडून एक घेतलं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी म्हणाली, "त्यांचं जे काही असेल ते घेऊन या. काहीही."

म्हणून मांडीवर ती थैली. वकील पोरगी शेजारी बसलेली, दोमिंगा साक्षीला म्हणून बाहेर बाकावर. कळलं?

ऑफिसर बाई म्हणाली, "माझी आई गेली. तिचा कंगवासुद्धा मी अजून टाकलेला नाही. तुम्ही पाचव्या दिवशी सगळं जाळलंत. मला समजावून सांगा."

एदेलमिरानं सांगितलं. टब, पिंप, पाठ करून बसणं. फोनमधला माणूस मध्येच थांबायचा, पुन्हा विचारायचा, तो कुठल्या सपाट मुलखातला असणार, डोंगरातली रीत त्याला नवी. शेवटी ती म्हणाली, "नकोसा झाला म्हणून नाही जाळलं, मॅडम. त्याला जाता यावं म्हणून."

बाईनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे सगळंच? त्यांचं काहीच उरलं नाही? तुम्ही शपथेवर आहात."

बघ हं. हो म्हणाली असती तर गोष्ट साफ होती, रीत म्हणजे रीत, पुरी पाळली. पण शपथ होती. एदेलमिरानं थैलीचं तोंड सोडलं आणि त्या चपला टेबलावर ठेवल्या. फाइलीच्या शेजारी.

"या ठेवल्या. ठेवायला नको होत्या. त्यामुळे तो अनवाणी आहे, वर्ष होत आलं. हे मी केलंय."

वकील पोरगी फोनकडे वाकून हळूच म्हणाली, "सांगा ना." मग त्या माणसानं इंग्रजीत सांगितलं, अगदी सावकाश.

बाईनं डावी चप्पल उचलली. तारेवरून अंगठा फिरवला. टाचेपाशी रबर झिजून पारदर्शक झालेलं, तिथं बोट लावलं. मग उठली, दोन्ही चपला घेऊन कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेली आणि त्यांची झेरॉक्स काढली. खरंच सांगते. काचेवर चपला, वर झाकण, ते बसेना म्हणून हातानं दाबून धरलेलं. तो कागद फाइलीत लावला. "निर्णय पोस्टानं येईल."

एदेलमिरा बाहेर आली तेव्हा चपला हातातच होत्या, थैलीत घालायचंही भान नव्हतं. दोमिंगानं त्या बघितल्या. बसथांब्यापाशी आल्यावर म्हणाली, "वर्षभर थंडीत उभा केलास होय गं त्याला?"

"हो."

"मला सांगायचंस. मी मोजे तरी विणले असते."

कार्ड पुढच्या वसंतात आलं. दहा वर्षांचं. तिनं ते तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि कुणाला पेढा नाही की काही नाही. दोमिंगा मागं लागली, आता सोड त्याला. नोव्हेंबरात दोन वर्षं भरतील तेव्हा पिंप पेटवू, असं ठरलं. आणि एदेलमिरानं काय करावं? यारित्साला फोन लावला. जिनं ते पत्र लिहिलं, तिला. दोमिंगा म्हणाली, "साप बोलावतेस घरात." एदेलमिरा म्हणाली, "बाप तिचा आहे."

नोव्हेंबरात यारित्सा आली तेव्हा दोमिंगाच्या अंगणात पिंप पेटलेलं होतं. फाटकातच उभी राहिली, हात खिशात. "मी ते पत्र रागात लिहिलं होतं," म्हणाली, जमिनीकडे बघत. "बाई, माझ्याकडे पप्पांचं काहीच नाही हो. एक जाकीट मागायला आले होते तेव्हा."

"माहीत आहे."

"काही उरलंय का?"

एदेलमिरानं थैली दाखवली. मुलीनं आत बघितलं आणि तोंडावर हात धरला. "या तर आम्ही एकत्र राहायचो तेव्हाच्या. तार मीच बांधलेली. नववीत होते."

इतकी वर्षं एदेलमिरा समजत होती, ती तार त्यानं बांधली. तिनं थैली छातीशी धरली, मग सोडली. स्वप्नात कोण येतं, कसं उभं राहतं, सगळं मुलीला सांगितलं. "जाळल्या तर तो जाईल. नेल्यास तर तुझ्याकडे राहतील. मला ठरवता येत नाही, पोरी. आणि मला बघायचीही परवानगी नाही."

आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली, दोन वर्षांपूर्वी बसली होती तिथंच. थैली खांद्यावरून मागं धरली.

हातातलं वजन गेलं. मागं बराच वेळ नुसता लाकडांचा आवाज. मग जळक्या रबराचा वास आला. मग फाटक हळूच लागलं. एदेलमिरानं दोमिंगाला विचारलं नाही. दोमिंगानं, जी दोमिंगा गप्प म्हणून बसत नाही, तिनं सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात चादर घडी करताना ती मला म्हणाली, तो अजून येतो. आता बर्फात उभा नसतो, चालतो. पलंगापासून स्वयंपाकघराकडे. फट. मग काहीच नाही. मग फट. एका पायात आहे, एका पायात नाही. "कुठल्या पायात?" मी विचारलं. ती म्हणाली, "उजव्या. तारेची तिनं ठेवली असणार." आणि चादरीची टोकं माझ्या हातात दिली.

मी तेव्हापासून विचार करतेय. ती थैली तुझ्या हातात आली असती, समोर पिंप, आणि ती बाई तुझ्याकडे पाठ करून बसलेली, तर सांग ना, तू काय केलं असतंस?