मानेवरचा डाग

शहाजी घरातून गेला त्याला महिना उलटला होता आणि रणजीत आता पार थकला होता. वडिलांची स्मरणशक्ती वर्षभरापासूनच दगा देत होती. जन्मभर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहिलेला माणूस, एका सकाळी कामावर जातो म्हणून नेरूळच्या घरातून निघाला तो गेलाच. मूल हरवलं तर अख्खी सोसायटी धावते. म्हातारा हरवला तर पहिला आठवडा धावते, दुसऱ्या आठवड्यात सल्ले देते. रणजीतने स्टेशनं, देवळं, दवाखाने पालथे घातले. पुढे पुढे तो निघायचा, ते आईच्या डोळ्यांसमोर नुसतं बसून राहायला नको म्हणून.

तक्रार देताना पोलिसांनी ओळखीची खूण विचारली होती. रणजीतने मानेमागचा काळा, जाड डाग सांगितला. बर्थमार्क की स्कार, असं त्यांनी विचारलं. एक जन्माबरोबर आलेला, दुसरा नंतर पडलेला, एवढं रणजीतला कळत होतं. पण त्याने डोळे उघडल्यापासून वडिलांची मान तशीच पाहिली होती. लहानपणी त्यांच्या पाठुंगळी बसला की त्याचं नाक त्या डागालाच घासायचं. त्याने बेलाशक बर्थमार्क सांगितलं.

आणि आज उरणहून फोन आला. जासईच्या बाजूला खाडीत एका म्हाताऱ्याचा मृतदेह सापडला होता. चेहरा ओळखू येण्याजोगा राहिला नव्हता, पण मानेमागे तसाच डाग होता. वेणूबाई घरी थांबेना. पदर खोचून ती मुलाबरोबर निघाली.

सरकारी दवाखान्यात विलास हवालदारांनी मृतदेह कुशीवर वळवून चादर मानेपुरती खाली केली. तोच काळा डाग, तेवढाच जाड. रणजीतला रडू यायला हवं होतं. पण त्याला डोक्यावरचं पोतं खाली ठेवल्यासारखं वाटलं. उद्यापासून कुठे जायला नको. कुणाला फोटो दाखवायला नको.

"तुमचाच मानूस हाय का? बर्थमार्क तं जुलतंय," हवालदार हळू आवाजात म्हणाले.

हो म्हणायला रणजीतने तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात वेणूबाईने विचारलं, ते काय म्हणतायत. जन्मखूण, असं त्याने सांगितलं.

"जन्माची कुठली? लग्नात हळद लावली तवा मान साफ व्हती त्यांची," ती म्हणाली. "ह्यो पोत्यांचा घट्टा हाय. मार्केटात म्हाताऱ्या गड्यांच्या मानंवर बघ, समद्यांच्या सापडंल."

मग तिने हवालदारांना चादर उजव्या कमरेपर्यंत सरकवायला सांगितली. तिथे शहाजीला जांभळाएवढा तांबडा डाग होता, जन्माचा. मुलाला तो कधी दिसायचं कारण नव्हतं. वेणूबाई वाकली, कमरेवरून हात फिरवला. जागा कोरी होती.

"हे न्हाईत," ती म्हणाली. झोपलेल्या माणसाला पांघरूण घालावं तशी तिने चादर पुन्हा वर ओढली. हाही कुणाचा तरी मानूस, हमालच असंल, मार्केटात विचारा, एवढं हवालदारांना सांगून ती बाहेर पडली.

दवाखान्याच्या पायरीवर रणजीत बसला. आतला माणूस बाप नव्हता. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण वाईट वाटत होतं आणि त्या वाईट वाटण्याची त्याला शरम वाटत होती. बसस्टॉपवर उभं राहिल्यावर त्याच्याने राहवेना.

"आई, मी हो म्हणणार होतो."

वेणूबाईने बस दिसते का ते वाकून बघितलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "चादर सरकवली तवा माझ्या बी मनात त्येच व्हतं. डाग दिसू दे, दिसू दे, असं म्हनत व्हते मी."

रणजीतने आईच्या हातातली पिशवी घेतली. कंटेनरांची रांग धुरळा उडवत गेली आणि मागून नेरूळची बस आली. आत बसायला जागा मिळाली, तिकिटं काढून झाली. मग वेणूबाईनेच विचारलं, उद्या कोणत्या बाजूला बघायचं.