तीन हौदांची खोली

मावशींची एकतीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात गेली. तिथे लॉन्ड्री होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. पहिली बारा वर्षं तर मशीनही नव्हतं. हौद, दगड आणि मनगटं, एवढ्यावर काम चाले. वरच्या मजल्यांवरच्या नर्सेस त्यांना मावशी म्हणायच्या, आणि तेच नाव पडून गेलं. पुढे त्या निवृत्त झाल्या आणि मावशी म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूरदेशी, दर रविवारी न चुकता फोन करणारा. उरलेले सहा दिवस मावशींच्या दोन खोल्यांमध्ये बोलणारा एकच होता, तो म्हणजे टीव्ही.

टीव्ही त्या लावत तो आवाजासाठी. काय चाललंय याकडे त्यांचं लक्ष नसायचं. पण एका संध्याकाळी पाच वाजता भाजी निवडताना त्यांनी मान वर केली, तर पडद्यावर चुरगळलेली टोपी घातलेला एक म्हातारा खड्ड्यात गुडघे टेकून बसलेला. हातात लहानसा ब्रश. मातीत अडकलेल्या खापरावरची धूळ तो अशी पुसत होता, जशी तान्ह्या बाळाच्या तोंडावरची लाळ पुसावी. दहा मिनिटं तो तेवढंच करत होता. मावशींची भाजी तशीच राहिली. जगात अजून कुणीतरी इतकं सावकाश काम करतंय, हे बघून त्यांना फार बरं वाटलं.

तेव्हापासून पाचचा कार्यक्रम चुकेना. मावशी चहा करून चार पन्नासलाच खुर्चीत बसत. त्या म्हाताऱ्याला त्या टोपीवाले म्हणत. त्याच्याबरोबर कायम एक चाळिशीच्या बाई असायच्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या, हातात वही, खोदलेल्या जागेची मापं घेणाऱ्या. त्यांना बोलायला फारसं मिळत नसे, कारण टोपीवाल्यांच्या तोंडाला खळ नव्हती. मावशी दोघांशीही बोलायच्या. टोपीवाले उन्हात तासन्‌तास बसले की म्हणायच्या, "अहो, गुडघ्याखाली काहीतरी घ्या, पुढे महागात पडेल." मातीतून काही डोकावायला लागलं की त्या स्वतःशीच पैज लावत. वाटी असेल. नाही, दिवा असेल. बहुतेक वेळा हरत, पण हरण्यातही मजा होती. हजारो वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून फुटलेली वाटी आज कुणीतरी जपून उचलतंय, या विचारानं त्यांना रात्री चांगली झोप लागायची.

मग तो भाग आला. डोंगराच्या उतारावर एक जुनं गाव सापडलं होतं आणि त्यात एक खोली, जिचा उलगडा कुणाला होत नव्हता. जमीन एका बाजूला उतरती. भिंतीलगत ओळीनं तीन दगडी हौद, एकातून दुसऱ्यात पाणी जाईल अशी भोकं. शेवटच्या हौदाजवळ कमरेएवढ्या उंचीवर एक मोठी शिळा, मधोमध झिजून खोलगट झालेली. कोपऱ्यात राखेचा ढीग. टोपीवाल्यांनी खोलीभर फिरून, हात पसरून सांगितलं, की हे पवित्र स्नानाचं ठिकाण आहे. तीन हौद म्हणजे शुद्धीच्या तीन पायऱ्या, आणि शिळेवर देवाला काहीतरी वाहत असावेत.

मावशी खुर्चीतून उठल्याच.

"अहो, देव कुठला? ही लॉन्ड्री आहे!"

त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. स्वच्छ पाणी वरच्या हौदात, तिथे शेवटचं खळबळायचं. मधल्यात धुवायचं. सगळ्यात खाली मळके कपडे भिजत पडायचे, कारण घाण पाणी वर चढत नाही. राख मळ काढायला. आणि ती शिळा? माणूस काही वाहायला येतो तेव्हा दगड असा एकाच जागी झिजत नाही. तिथे कुणीतरी रोज उभं राहून, वर्षानुवर्षं, जड ओलं कापड आपटलेलं आहे. शिळा जिथे खोल झाली होती, तिथे उभं राहणाऱ्या बाईचा उजवा खांदा कसा दुखत असेल, तेही मावशींना ठाऊक होतं.

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. शेजारच्या बाईंना त्यांनी सांगितलं, त्या "हो का" म्हणून दाराशीच उभ्या राहिल्या. रविवारी मुलाला सांगितलं. तो हसला, पण प्रेमानं. म्हणाला, आई, ती माणसं आयुष्यभर हेच शिकलीत, त्यांना कळत नसेल का? मावशी म्हणाल्या, "अरे, मीही आयुष्यभर तेच केलंय की." त्यावर तो तिकडच्या हवेबद्दल बोलू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच भाग पुन्हा दाखवणार होते. मावशी पेन्सिल घेऊन बसल्या आणि शेवटी भराभर वर सरकणाऱ्या अक्षरांमधून विद्यापीठाचं नाव त्यांनी टिपून घेतलं. पत्र लिहायला तीन दिवस लागले. चार पानं झाली. सोबत हौदांचं चित्रही काढलं, पाणी कुठून कुठे जातं ते बाणांनी दाखवून. पाकिटावर लिहिलं, टोपी घालणाऱ्या सरांना. कारण नाव वाचायच्या आत अक्षरं निघून गेली होती.

महिना गेला, दुसराही गेला. मावशी रोज खाली उतरून टपालपेटी उघडत. मग एक दिवस जाडसर पाकीट आलं.

पत्र चष्मेवाल्या बाईंचं होतं. त्यांनी लिहिलं होतं, की तो कार्यक्रम एकोणीस वर्षांपूर्वीचा आहे, वाहिनी तोच पुन्हा पुन्हा दाखवते. सर जाऊन अकरा वर्षं झाली. त्या स्वतःही गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, विद्यापीठानं पत्र शोधत शोधत त्यांच्याकडे पाठवलं. पुढे लिहिलं होतं, "पत्र वाचल्यावर मी माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. त्या खोलीच्या आराखड्याखाली माझ्याच अक्षरात 'कपडे?' असं लिहिलेलं सापडलं. सरांना विचारलं होतं, ते हसले, आणि मी ते खोडलं. तुम्ही बरोबर आहात असं मला वाटतं. भेटायला आले तर चालेल का?"

मावशींनी शेवटची ओळ नंतर वाचली. त्यांची नजर वरच्या एका ओळीवर अडली होती. अकरा वर्षं. म्हणजे ज्यांना त्या गुडघ्याखाली काहीतरी घ्या म्हणून सांगत होत्या, ते तेव्हा जिवंतच नव्हते. त्यांना फार वाईट वाटलं, आणि मग स्वतःचाच राग आला. कोण होते ते आपले? ना नात्याचे, ना ओळखीचे. अशा माणसाचं दुःख कुणापाशी करायचं? शेजारच्या बाईंचं दार ठोठावावंसं वाटलं, पण काय सांगणार? टीव्हीतले सर गेले, असं? त्या संध्याकाळी पाच वाजता त्यांनी टीव्ही लावलाच नाही. खोली इतकी शांत झाली, की वरच्या मजल्यावरचा नळ ऐकू येत होता.

चष्मेवाल्या बाई पंधरा दिवसांनी आल्या. केस पांढरे झाले होते, चष्मा तसाच जाड. त्यांनी पिशवीतून फोटो काढून जेवणाच्या टेबलावर पसरले आणि दोघी त्यांच्यावर वाकून बसल्या. मावशींनी शिळेच्या फोटोवर बोट ठेवून कपडा कसा धरायचा, कसा फिरवायचा, ते करून दाखवलं. बाईंनी ते सगळं लिहून घेतलं, मधेमधे थांबवून, पुन्हा विचारून. एकदा त्यांनी विचारलं, की काम करणारी एकटीच असेल का. मावशी म्हणाल्या, "छे. चादर एकटीला पिळता येत नाही. समोर कुणीतरी लागतंच."

दोन तास कसे गेले कळलं नाही. मग मावशींनी हळूच विचारलं, सर कसे होते, टीव्हीत दिसायचे तसेच का? बाई म्हणाल्या, तसेच, फार बोलायचे आणि फार चुकायचे. घरी एकटेच असायचे. सुट्टीच्या दिवशी काहीतरी शंका काढून फोन करायचे, आणि शंका काही खरी नसायची.

"तुम्ही बोलायचात?"

"बोलायचे. नेहमी नाही." बाई फोटो गोळा करू लागल्या. "आता वाटतं, बोलायला हवं होतं."

जाताना त्यांनी सांगितलं, की त्या खोलीबद्दल नव्यानं लिहिणार आहेत आणि त्यात मावशींचं नाव घालणार आहेत, आडनावासकट. मावशींनी जिन्यापर्यंत सोबत केली. खालचं दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत त्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

घरात आल्या तेव्हा बाई बसल्या होत्या ती खुर्ची टेबलापासून तिरकी ओढलेली होती. मावशींनी कप विसळले, टेबल पुसलं, दिवा लावला. खुर्ची तेवढी त्यांनी सरळ केली नाही. ती रात्रभर तशीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशीही, दुपारपर्यंत.