गोळा परत येताना

बाईंनी टेबलावर उभं राहून दोराची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. वर्गातला जुना पंखा काढल्यापासून छताला नुसता हूक उरला होता. खेळाच्या खोलीतून आणलेला गोळाफेकीचा गोळा जाळीच्या पिशवीत घालून त्यांनी त्याला टांगला होता.

"बाई, गाठ सुटली तर?" मागच्या बाकावरून शंकासुराने विचारलं. हे नाव त्याला वर्गानेच बहाल केलं होतं.

"सुटली तर तुला सुट्टी," म्हणत बाई खाली उतरल्या.

गोळा हातात घेऊन त्यांनी समजावलं. वर उचलला की त्यात स्थितिज ऊर्जा साठते. सोडला की खाली येताना तिचीच गतिज ऊर्जा होते, पलीकडे चढताना पुन्हा स्थितिज. नवी कुठून येत नाही, असलेली नाहीशी होत नाही. थोडी तेवढी हवेशी आणि हुकाशी घासून उष्णता होऊन जाते. म्हणून गोळा जिथून सोडला त्याच्या पुढे तिळभरही येऊ शकत नाही.

"म्हणजे हनुवटीला लावून सोडला आणि माणूस जागचा हलला नाही, तर त्याला लागणार नाही. कोण येतंय?"

सगळा वर्ग एकाएकी अभ्यासू झाला. माना वह्यांत गेल्या.

"मी येते."

खिडकीजवळून उठलेली मुलगी बाईंची स्वतःची होती. शाळेत ती त्यांना बाईच म्हणायची. घरी मात्र गेले काही दिवस काहीच म्हणत नव्हती. गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती आणि बाईंनी साफ नकार दिला होता. महिनाभर घरापासून दूर, त्यात कड्यावर दोराला लटकायचं!

"शिकवणारे असतात गं आई तिथे," ती काकुळतीला येऊन म्हणाली होती.

"माहीत आहे. तरी नाही."

त्यानंतर घरात फक्त भांड्यांचाच काय तो आवाज होता.

मुलगी भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. बाईंनी दोर ताणून गोळा तिच्या हनुवटीशी आणून दिला.

"ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. डोकं भिंतीला."

"हो, बाई."

तिने बोटं उघडली. गोळा झोकात पलीकडे गेला, वर चढला, क्षणभर थबकला आणि परत फिरला. मुलीने डोळेसुद्धा मिटले नाहीत. बाईंचा हात मध्ये कधी गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. गोळा तळहाताला येऊन नुसता टेकला. दुखलंही नाही, इतका हलका.

वर्गात हशा पिकला.

"बाई, तुमचाच विश्वास नाही!" शंकासुर ओरडला.

"आहे रे, आहे," बाई म्हणाल्या. पण हात अजून तिथेच होता, मुलीच्या चेहऱ्याआड.

मुलगी हसली नाही. फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आई, हात काढ ना."

बाई दोन पावलं मागे सरल्या. हात पाठीमागे नेऊन त्यांनी आपलंच मनगट घट्ट धरलं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

या वेळी वर्ग चिडीचूप होता. गोळा गेला, आला. हनुवटीच्या बोटभर अलीकडे त्याचा सगळा जोर सरला आणि तो आला तसा मागे फिरला. टाळ्या पडल्या. मग तर रांगच लागली, आणि शंकासुर सगळ्यांच्या पुढे. बाईंनी मनगट सोडलं तेव्हा त्यावर बोटांचे वळ उठले होते.

मधल्या सुट्टीत दोघी गोळा परत ठेवायला निघाल्या. पिशवीचा एक बंद आईच्या हातात, एक मुलीच्या. मैदानात मुलांचा कल्ला चालला होता. अर्धी वाट सरली.

"तिकडे डोंगरात," बाई समोर बघत म्हणाल्या, "थंडी फार असते का गं?"

मुलीचं पाऊल अडखळलं. "रात्री असते. स्वेटर लागतो म्हणाले."

"निळा तुला आता तोकडा होतो. माझा करडा ने."

चालता चालता मुलीने पिशवीचं वजन थोडं आपल्याकडे ओढून घेतलं.