मन्मथअप्पांचा काढा

वालूरचं किराणा दुकान लेकाच्या, श्रीशैलच्या हाती दिलं आणि मन्मथअप्पांची झोप उडाली. परभणीच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती ते लपूनछपून घेत. झोपेची गोळी म्हणजे माणूस भ्रमिष्ट, असं लोक समजतात, हा त्यांचा पक्का समज. "कुणाला बोलायचं न्हाई," अशी बायकोला, चन्नबसम्माला ताकीदच होती. मग जर्मनीत नोकरीला असलेल्या लेकीनं, ऋतुजानं, कडवट वासाच्या वाळक्या हिरव्या फुलांची पुडी पाठवली. तिकडं म्हणे झोपेसाठी त्यांचा काढा घेतात. गोळीचं मात्र तिलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

श्रीशैलसाठी मुलगी बघायला चुडाव्याला जायचं ठरलं, तेव्हा अप्पांना रात्रभर चैन पडेना. पहाटे त्यांनी गोळी घेतली, वर भला मोठा पेलाभर काढा प्यायले आणि गाडीत जाऊन बसले.

चुडाव्याच्या रुद्रेशअप्पांकडं शरणार्थ-शरणार्थ म्हणत नमस्कार झाले. सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या, ताटल्या आल्या. रुद्रेशअप्पांची मुलगी त्रिवेणी पाणी घेऊन आली, पूर्ण्याच्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट असलेली. रुद्रेशअप्पांनी विचारलं, "दुकान कसं काय चालतंय?" मन्मथअप्पांची मान छातीवर पडली होती आणि ताटलीतले मुरमुरे धोतरावर सांडत होते.

चन्नबसम्मा त्यांच्याकडं धावली. "अवो! अवो, उठा की!"

त्रिवेणीनं तांब्या खाली ठेवला, नाडी बघितली, खांदा हलवला. "काका, डोळे उघडा."

"डाळ मोजून दे," अप्पा पुटपुटले आणि पुन्हा घोरायला लागले.

"काही घेतलं होतं का यांनी?" त्रिवेणीनं विचारलं.

श्रीशैल आईकडं बघायला लागला. ताकीद चन्नबसम्माच्या कानात वाजली, सोयरीक मोडताना डोळ्यांसमोर दिसली. पण नवऱ्याचा तो लोंबता चेहरा बघून तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. गोळीचं नाव, फुलांचा काढा, मोबाइलमधला पुडीचा फोटोसुद्धा.

त्रिवेणीनं ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. अप्पांना कुशीवर निजवलं, श्वासावर लक्ष ठेवलं. "डॉक्टर म्हणतेत, जागं करत ऱ्हावा. न्हाईच उठले तर लगेच दवाखान्यात. हे फूल हॉप्सचं हाय. गुंगी आणतं म्हणतेत, पण किती गुण येतो ह्याची पक्की खात्री न्हाई. गोळीबरोबर तर घ्यायचंच न्हाई, दोन्हीची गुंगी एकावर एक चढते. पोटुशी बाई आसंल, दुसरी औषधं चालू आसतील, तरी आदी डॉक्टरला इचारायचं." मग सहज म्हणाली, "बिअरला कडूपणा येतो तो ह्याच फुलांचा."

हे शेवटचं वाक्य नेमकं अप्पांच्या कानात शिरलं. ते ताडकन उठून बसले, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. "बिअर? म्या दारू पेलो?"

"न्हाई काका, फूल हाय ते, दारू न्हाई. द्राक्षाचीबी दारू करतेत, मग तुमी द्राक्षं सोडलीत का?"

अप्पांनी थोडा विचार केला. "न्हाई बा. परवाच आणली व्हती."

रुद्रेशअप्पा पोट धरून हसायला लागले, मग सगळेच. डॉक्टरांनी फोनवर पुन्हा चौकशी केली आणि उद्या गोळ्यांचं पाकीट घेऊन दाखवायला यायला सांगितलं. अप्पांनी दोन ताटल्या सुशीला संपवली.

निघताना त्रिवेणी चन्नबसम्माजवळ आली. "दुसरं कुणी आसतं तर लपवून ठिवलं आसतं. तुमी पाव्हण्यांसमोर खरं सांगितलंत."

"लय भ्याले व्हते गं."

"म्हणूनच." तिनं श्रीशैलकडं एक नजर टाकली आणि तो लाजून चपला शोधायला लागला. "बाबांना सांगते, मला पसंत हाय."

परतीच्या वाटेवर अप्पा जागेच होते. वालूर येईपर्यंत पोराच्या लग्नाला कुणाकुणाला बोलवायचं तेच बोलत राहिले, आणि चन्नबसम्मा त्यांच्या खांद्याला टेकून गाढ झोपून गेली.