धरणाची सुकट

फुलसावंगीच्या आठवडी बाजारात हजराबी सुकी मच्छी विकायची. बोंबील, सुकट, झिंगे. पुसदहून सकाळच्या एसटीनं पोतं घेऊन यायची आणि बाजाराच्या टोकाला, कपड्याच्या दुकानांकडं वास जाणार नाही अशा जागी ताडपत्री अंथरायची. नवरा गेल्यावर तिनं घर याच धंद्यावर चालवलं होतं. तिचं खरं गिऱ्हाईक म्हणजे कापूस वेचणाऱ्या बाया. वेचणी सुरू झाली की बाजाराच्या दिवशी त्यांच्या हातात मजुरी असायची, आणि आठवडाभर डब्यातल्या भाकरीसोबत तव्यावर भाजलेली सुकट.

कापसाची ती वर्षं वाईटच होती. त्यात त्या साली नोव्हेंबरात, बोंडं फुटलेली असताना पाऊस आला आणि पडतच राहिला. कापूस झाडावरच काळा पडला. वेचणी थांबली, बाजार अर्धा झाला. तेवढं हजराबीनं धकवून नेलं असतं. पण महिनाभरानं सत्यभामा पिशवी घेऊन आली.

सत्यभामा वेचणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. कितीतरी वर्षांपासून ती सगळ्या टोळीची मच्छी हजराबीकडूनच घ्यायची. तिनं पिशवी ताडपत्रीवर उलटी केली. बोंबलांवर हिरवट बुरशी होती.

"वरचे चांगले होते, खालचे वल्ले," ती म्हणाली. "खाऊन माह्या टोळीतली लेकरं ओकली. तुले मालूम होतं का नाही, थेवढं सांग."

"नव्हतं मालूम. पोतं जसं आलं तसं म्या इथं खोललं."

"तू पाहून घेत नाहीस का?"

हजराबी पैसे परत द्यायला लागली, तर सत्यभामानं हात मागं घेतला. "पैसे राहू दे. आता आम्ही सोयाबीनच्या वड्या घेतो." ती निघाली. शेजारी उभ्या असलेल्या दोघीजणीही काही न घेता तिच्या मागं गेल्या.

हजराबी तशीच पोतं उचलून पुसदला देवीलालच्या गोदामात गेली. देवीलाल समुद्राकडचा माल मागवून आसपासच्या बाजारांत पुरवायचा. तिनं पोतं त्याच्या काट्यावर आदळलं.

"माल मी बनवत नाही, बाई," तो म्हणाला. "तिकडून येते, मी पुढे देतो. तिकडे वाळत घातलेल्या बोंबलांवर पाऊस पडला."

"दिवाळी झाल्यावर?"

"तुमच्या कपाशीवर कधी पडला मग?"

देवीलाल सांगत राहिला. समुद्राचं पाणी तापतंय म्हणतात, मासळी खोल गेली, होड्या लांब जातात आणि रिकाम्या येतात. आधीच्या निम्मासुद्धा माल येत नाही.

"पाणी तापलं म्हणून वल्ला माल पोत्यात भरायचा का?" हजराबीनं विचारलं.

देवीलालनं चिडून फोन लावला आणि तिच्या हातात दिला. "घ्या, त्यांनाच विचारा."

पलीकडं समुद्रकाठच्या गावातली, बोंबील वाळवणारी बाई होती. हजराबीनं नाव-गाव न विचारता सुरुवात केली. "माल वल्ला काहून भरला? माह्या गिऱ्हाइकाची लेकरं आजारी पडली."

ती बाई म्हणाली, "ऊनच नव्हतं. अर्धे फेकून दिले, उरलेले भरले. सगळेच फेकले असते तर आम्ही काय खाल्लं असतं?"

"मग अंदर कुठं वाळवायचे."

"वाळवतात ना. जाळीचा माचा करून वर प्लास्टिकचं छप्पर घालतात. आम्हीपण करणार होतो. पण आता मासळीच नाही, छपराखाली काय घालू?" मग तिनं विचारलं, "तुमचं गाव समुद्रापासून लांब का?"

"लय लांब."

"मग बरंय तुमचं."

हजराबीनं फोन देवीलालला देऊन टाकला. भांडायला आली होती, आणि भांडण धरून ठेवायला जागाच उरली नव्हती. देवीलालवर राग काढावा तर तो खोटं बोलत नव्हता. त्या बाईवर काढावा तर तिचंही बुडालं होतं. घरी येऊन तिनं सुनेवर, अतियावर, उगीच भाजी करपली म्हणून तोंड टाकलं.

अतियानं ऐकून घेतलं. ताट वाढताना म्हणाली, "अम्मी, बांध की बारीक मच्छी सुखाओ ना. वो तो यहीं है."

"बांध की सुखी मच्छी कौन लेता?" हजराबी म्हणाली. पण दोन दिवसांनी ती पुसदजवळच्या धरणावर गेली.

तिथं तानाबाई आणि तिचा नवरा उकंडा राहायचे. उकंडा जाळं टाकायचा. मोठी मच्छी पुसदला जायची. बारीक मच्छी आणि झिंगे तानाबाई कोंबड्यांना घालायची. तेच विकत मागणारी बाई पाहून तिला हसू आलं, पण तिनं दिले.

पहिला घाणा त्यांनी काठावर ताडपत्रीवर पसरला. आभाळ भरून आलं ते हललंच नाही. माशा बसल्या, अळ्या झाल्या, सगळं खड्ड्यात पुरावं लागलं. तानाबाई म्हणाली, "म्या सांगतलं होतं, हे आपलं काम नाही." हजराबीनं उलट उत्तर दिलं आणि दोघी जरा वेळ एकमेकींकडं पाठ करून बसल्या.

मग हजराबीनं फोनवरच्या बाईनं सांगितलेला माचा तिला समजावून सांगितला. हजराबीचा मुलगा जमीर पुसदला मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्यानं जुने पाइप जोडून कंबरेएवढा सांगाडा करून दिला. वर उकंडाचं फाटकं जाळं ताणलं, त्यावर तिरपं प्लास्टिक. मीठ लावून ठेवलेले झिंगे खालून-वरून वारा लागून खडखडीत वाळले.

बाजारात मात्र कोणी हात लावेना.

"कुठचे हे?"

"धरणाचे."

"गाळाचा वास येते."

हजराबीला खोटं सांगता आलं असतं. समुद्राचे झिंगे दिसायला फार वेगळे नसतात. पण ती दर वेळी धरणाचेच म्हणून सांगायची आणि दर वेळी गिऱ्हाईक पुढं जायचं. तीन-चार बाजार असेच गेले. सत्यभामाही मान न वळवता जायची. एका बाजारी हजराबीनंच तिला हाक मारली.

"घेऊ नको. खाऊन तर पाहा."

सत्यभामानं एक झिंगा मोडला, हुंगला, चावला. "खारट हाये."

"कमी करतो मीठ."

"कधी वाळवले?"

"परवा उतरवले माच्यावरून. म्या सोता."

सत्यभामानं आपल्या घरापुरते घेतले. पुढच्या बाजारी टोळीतल्या दोघी आल्या, मग आणखी काही. होळीच्या सुमारास हजराबी धरणावर जास्त माल मागायला गेली, तर उकंडा जाळं गुंडाळत होता. पाणी पार खाली गेलं होतं.

"गिऱ्हाईक आत्ता कुठं वळलं, अन् तुम्ही जाळं बांधून राह्यले?"

"पाणी म्या पेलो का?" उकंडा म्हणाला. "मोठी मच्छी असंल तरच जाळं टाकणं परवडते. मोठी उरलीच नाही."

मच्छी का उरली नाही, ते तानाबाईनं सांगितलं. मच्छीमारांची सोसायटी पहिल्या पावसालाच धरणात माशांचं बीज सोडायची. आता पहिल्या पावसानंतर मोठी उघडीप पडते, उथळ पाणी तापतं आणि बोटाएवढं बीज मरतं. ते आधी बाजूच्या, झाडांच्या सावलीतल्या खोल तळ्यात वाढवून, पाणी भरल्यावर सोडावं, असं तिला वाटायचं. पण सोसायटीत उकंडा बोलत नव्हता आणि तिला कोणी विचारत नव्हतं.

उन्हाळ्यात दोघी सोसायटीच्या सभेला गेल्या. सभासदांनी चहा पाजला. "दरसाल असंच सोडतो," एकजण म्हणाला. "सुकट विकणारीचं काय काम इथं?" दुसऱ्यानं विचारलं. हजराबी उठली नाही. पुष्कळ वाद झाल्यावर, त्या जाव्यात म्हणूनच की काय, अर्धं बीज तळ्यात ठेवायचं ठरलं.

जूनमध्ये एक पाऊस पडला आणि गेला. धरणात सोडलेलं अर्धं बीज पांढरं होऊन काठाला लागलं. तळ्यातलं जगलं आणि ऑगस्टच्या शेवटी धरणात गेलं. पुढच्या वर्षी सगळंच बीज तळ्यात ठेवू का, असं तानाबाईनं विचारलं, तर सोसायटीवाले पाहू म्हणाले.

दिवाळीच्या सुमारास उकंडानं जाळं टाकलं. मच्छी मागच्यापेक्षा लहान होती, पण होती. वाऱ्यानं माच्याचं प्लास्टिक चिंधडलं होतं. जमीरनं नवं आणून बांधलं. हजराबीनं झिंग्यांना मीठ लावलं. आभाळात ढग होते, आणि तानाबाई वाऱ्यानं उडू नये म्हणून प्लास्टिकचं एक टोक हातात धरून उभी होती.